शुक्रवारपर्यंत चाळीस पंखे

"मी काय आता वर्तमानपत्राने वारा घेत बसू?" स्टुलावर चढून पंखा काढता काढता नवरा पुटपुटला.

"घ्या दोन दिवस! नोकरी राहिली तर नवा आणू!" खाली स्टूल धरून उभ्या ताई म्हणाल्या.

ताई पंख्यांच्या कारखान्यात भांडार सांभाळत. सरकारने फर्मान काढलं होतं: पंखे विकता ना, मग तुमचे जुने पंखे परत घ्या आणि नीट मोडीत काढा. शुक्रवारपर्यंत चाळीस, नाहीतर परवाना बंद! त्यात सगळ्यात मोठ्या दुकानदाराचा दम, "जुना माल नेत नसाल, तर नवाही पाठवू नका." मालक डोकं धरून बसले. तेव्हा ताईच छाती पुढे काढून म्हणाल्या, "चाळीसच ना! आपण माणसं चाळीस. प्रत्येकाने घरचा आणायचा!"

सगळे एकदम आपापल्या चपला न्याहाळायला लागले.

ताईंनाही मग आठवलं, आपल्या घरचा पंखा दुसऱ्याच कंपनीचा! असू दे. ब्लेडने त्यांनी त्यावरचं नाव खरवडून काढलं. चाळिसांत एक, कोण बघतंय?

शुक्रवारी तपासनीस बाई आल्या. पंखे ओळीने मांडलेले, शिक्षा झालेल्या पोरांसारखे. आणि एकूण एक पंख्यावरचं नाव खरवडलेलं!

ताईंनी शेजारी उभ्या कारखान्याच्या वेल्डरकडे पाहिलं. वेल्डरने छताकडे.

"नावं कुठे गेली?" बाईंनी विचारलं.

"गंजली!" मालक म्हणाले.

"चाळीसही? एकाच जागी?"

"दमट हवा हो फार!" ताईंनी घाम पुसला.

डोक्यावर पंखा चालू होता. कर्रर्र... खट्! कर्रर्र... खट्! बाईंनी खुर्ची जरा बाजूला ओढली.

"हा मात्र आमचा!" मालक अभिमानाने म्हणाले.

बाईंनी पेन ठेवलं. "खरं सांगितलंत तर महिनाभर मुदत देते. नाहीतर आत्ताच कुलूप."

बोलत होता तो फक्त वरचा पंखा.

शेवटी ताईंनी डोळे घट्ट मिटले. "बाई, आपला पंखा आमच्यापैकी कुणीच घरी लावत नाही! फार कटकट करतो हो!"

मालक लालबुंद झाले. ताईंनी मनातल्या मनात नोकरीला हात जोडले.

"कुणीच नाही?" ते ओरडले. मग ओळीच्या टोकाला, स्वतःच्या घरून आणलेल्या चाळिसाव्या पंख्याकडे त्यांची नजर गेली आणि आवाज एकदम खाली आला. "...आमची हीसुद्धा लावू देत नाही."