अर्धं पोतं गुलाल

घर उदयसिंहला पसंत होतं आणि क्रांतीला तर पहिल्याच दिवशी झालं होतं. अडलं होतं ते ड्रेनेजवर. सध्याच्या भाड्याच्या घरात एकानं अंघोळ केली की मोरीत घोट्याएवढं पाणी तुंबायचं आणि दुसऱ्यानं टॉवेल खांद्यावर टाकून तासभर ताटकळायचं. सहा वर्षं क्रांतीनं हे काढलं होतं. आता तिला दुसरं काही नको होतं, फक्त पाणी वाहून जाणारी मोरी हवी होती.

"चार बादल्या वतल्या मी. झटक्यात गेलं पाणी," ती म्हणाली. "पाचला सयाजीराव आलं की इसार देऊन मोकळं हूया."

"बादलीनं काय कळत न्हाय. अठरा वर्सं शिरोलीच्या कारखान्यात लोखंडाचं कास्टिंग तपासतोय मी. रंग लावल्याबिगर भेग दिसत न्हाय. पायपाचं बी तसंच हाय."

घरमालक सयाजीराव किल्ली देऊन दूध संस्थेच्या मतमोजणीला गेले होते. स्वतःच उभे होते. मागं दोनदा आपटले होते, तरी या खेपेला गुलालाचं पोतं आधीच आणून व्हरांड्यात ठेवलं होतं. उदयसिंहला रंग हवा होता आणि रंग समोर होता. विचारणं-बिचारणं हे त्याच्या मते कच्च्या माणसांचं काम.

"अवो, लोकाचा गुलाल हाय त्यो."

"मूठभर तर घेतोय की."

मूठभर गुलाल मोरीत टाकून बादली ओतली. मागच्या चेंबरचं झाकण काढून बघतो तर पाणी नितळ. मग तांब्याभर टाकला, मग घमेलंभर. अर्धं पोतं संपल्यावर त्याला कळलं, की आपण पावसाच्या पाण्याच्या चेंबरमध्ये डोकं घालून बसलोय. मोरीचं पाणी पुढच्या अंगानं गटारीला जात होतं आणि गटार थेट चौकात.

"पास," उदयसिंह हात झटकत म्हणाला.

चौकात चहाच्या गाड्यावर सयाजीरावांची माणसं निकालाच्या काळजीत बसली होती. त्यांच्या पायाशी गुलाल वाहत आला. सम्राट नावाचा कार्यकर्ता उठून उभा राहिला.

"आरं, ह्ये सयाजीरावांच्या दारातनं येतंय. गडी निवडून आला की, आनि आपन हितं चा पीत बसलोय."

दहा मिनिटांत हलगी आली, मागोमाग फटाक्यांची माळ. उरलेलं अर्धं पोतं उदयसिंहच्याच डोक्यावर रिकामं झालं, कारण घरात पुरुष माणूस तोच होता. "मी पायप बघाय आलोय," हे त्याचं म्हणणं हलगीपुढे कुणाला ऐकू गेलं नाही. मग चाळीस माणसं एकामागून एक मोरीत हातपाय धुऊन गेली. मोरीनं सगळं पाणी मुकाट घेतलं. क्रांती दारात उभी राहून ते डोळे भरून बघत होती.

पाच वाजता सयाजीराव आले. अकरा मतांनी खरोखरच निवडून आले होते. उदयसिंहनं खिशातून इसाराचं पाकीट काढलं.

"घर एकदम पास हाय. घेतलं आमी."

सयाजीरावांनी चौकटीवरून हात फिरवला. "पावणं, दोनदा पडलो मी. आज निकाल लागायच्या आदी ह्या घरानं गुलाल सोडला. असलं घर कोन इकतंय व्हय? बसा, जेवून जावा."

भाड्याच्या घरी आल्या आल्या उदयसिंह मोरीत शिरला आणि त्यानं डोक्यावरून पाणी घेतलं. गुलाबी पाणी घोट्यापर्यंत चढलं आणि तिथंच थांबलं.

क्रांती टॉवेल खांद्यावर टाकून दारात आली. तिनं पाण्याकडे बघितलं, मग नवऱ्याकडे.

"झाली का हितली तपासणी?" ती म्हणाली. "का आनू आनि अर्धं पोतं?"