रंगोबाची मखमली माशी

एका जंगलात एक ओढा होता. बसलात का सगळे? नाकं पुसा आणि ऐका. मधेमधे प्रश्न विचारायचे नाहीत.

ओढ्याचं पाणी असं गार, की पाय घातला की दात वाजायचे. त्यात ट्राउट नावाचे मासे राहायचे. अंगावर ठिपके आणि चालीत ठसका. कुणा साहेबाने ते लांबून आणून सोडले आणि तो विसरून गेला. मासे मात्र विसरले नाहीत. अजून पाहुण्यासारखे वागायचे.

काठावरच्या बिळात रंगोबा पाणमांजर आणि त्याची बायको तानी राहायची. पाणमांजराला मासा धरायला शिकवावं लागत नाही. सूर मारायचा, दातात धरायचा, बाहेर यायचं, खायचा. झालं. जग असंच नीट चाललं असतं, तर मला ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

एकदा कुणी माणूस काठावर पत्र्याची डबी विसरला. ती सापडली धवलराव बगळ्याला. हा धवलराव लांबलांबची तळी फिरून यायचा, म्हणून सगळे त्याला शहाणा म्हणत. डबीत बारीक गळ होते आणि एक खोटी माशी होती. गळावर पीस गुंडाळायचं, केसांचं अंग करायचं, दोऱ्याने आवळायचं, वर डिंकाचा थेंब. पाण्यावर सोडली की माशाला वाटावं खरीच माशी, आणि त्याने गळासकट गिळावी.

धवलरावाने लगेच वर्ग काढला. "घरबसल्या माशी बांधा." पहिला विद्यार्थी रंगोबा.

नेमकी तेव्हाच तानी बाळंत झाली होती. पिल्लांचे डोळे उघडले नव्हते. आईची ऊब गेली की चीं चीं करायची. म्हणजे तानीला पाण्यात उतरता येईना. रंगोबाने मासा आणावा, तानीने खावा, मग पिल्लांना दूध. सरळ हिशोब.

पण रंगोबा आपला बांबूच्या चिमट्यात गळ धरून, जीभ बाहेर काढून, दोरा गुंडाळत बसलेला.

"अहो, मासा?"

"आणतो गं. एवढी शेपूट बसू दे."

"कुणाची?"

"माशीची."

"जगातले रिकामटेकडे माशा मारतात," तानी म्हणाली. "माझ्या नशिबाला माशा बांधणारा आला."

त्या दिवशी तिने खेकड्याची एक नांगी चघळली. दूध नांगीएवढंच आलं.

धवलराव घरी आला तेव्हा तिने त्यालाच धरलं. "भावजी, यांना दात आहेत ना? मग हे गुंडाळणं कशाला?"

धवलरावाने मान वाकडी केली. "वहिनी, दाताने मासा धरणं म्हणजे रानटीपणा."

"मग आपण काय बंगल्यात राहतो?"

"ही कला आहे, वहिनी."

"बरं. या कलेने आजवर एक तरी मासा धरलाय?"

रंगोबा दचकलाच. "अगं, पाण्यात घातली तर भिजेल ना ती!"

आता माशी बांधायची म्हणजे सामान लागतं. सशाने कानाची लव दिली. हरणाने शेपटीचे केस दिले. तुर्रेराव नावाचा एक रानकोंबडा होता, त्याला धवलराव म्हणाला, "तुमच्यासारखी मान सात डोंगरांत नाही." झालं! तुर्रेरावाने मानेची सगळी पिसं उपटून दिली. त्याला "थोर देणगीदार" म्हणून टाळ्या मिळाल्या. गार वाऱ्यात टाळ्या पांघरता येत नाहीत, हे त्याला संध्याकाळी कळलं.

मग ठरली स्पर्धा. सर्वांत खरी माशी कुणाची? पण निवाडा कोण करणार? सगळे विचारात पडले. धवलराव एका पायावर उभा राहून विचार करत होता, म्हणून त्याला सुचलं.

"माशी खातो कोण? मासा. मग परीक्षक मासाच पाहिजे!"

काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू! ज्याला फसवायचं, त्यालाच विचारायचं, की बाबा, तू नक्की कशाने फसशील? असं डोकं चालायला फार लांबची तळी बघावी लागतात.

ओढ्यातली सर्वांत जाडजूड ट्राउट, ठिपकेबाई, हिला निमंत्रण गेलं. त्या दिवशी माशांना कुणी दात लावायचा नाही असं ठरलं. ठिपकेबाई आली ती सगळी भावकी घेऊन. "पोराबाळांनाही बघू दे," म्हणाली. "काही शिकतील."

इकडे बिळात तानीचा डोळा लागला होता. ती जागी झाली पिल्लांच्या चीं चींने. बघते तर पिल्लं उघड्या मातीवर कुडकुडतायत. स्वतःच्या पोटाचे केस उपटून तिने त्यांना मऊ गादी केली होती. ती गादी गायब.

गादी कुठे गेली हे तिला विचारावं लागलं नाही.

तेवढ्यात दारात तुर्रेराव आला. मानेला पान गुंडाळलेलं. "वहिनी, तुमच्या मिस्टरांना सांगा, माझी पिसं परत..."

"आत या. या पिल्लांवर बसा."

"अहो, मी कोंबडा आहे!"

"पिसं देताना आठवलं नाही? बसा गुमान!"

तो बसला.

तानी ओढ्यावर पोचली तेव्हा निकाल चालला होता. दगडावर माशा मांडलेल्या. उथळ पाण्यात मासेच मासे, सगळ्यांची तोंडं वर. ठिपकेबाई एकेक माशी बघून सांगत होती.

"हिचा गळ दिसतोय, झाका. ही जास्त चकाकते. खरी माशी इतकी नटत नाही." आणि मागे वळून पोरांना, "नीट बघून ठेवा रे, पुन्हा दिसली तर ओळखता आली पाहिजे."

"किती मोलाचं मार्गदर्शन!" धवलराव म्हणाला.

शेवटी रंगोबाची माशी पुढे आली. तानीच्या पोटाचे मखमली केस, तुर्रेरावाचं पीस. ठिपकेबाई बघतच राहिली. आणखी जवळ सरकली. पोट वाळूला टेकलं.

"तानी!" रंगोबा ओरडला. "बघ, बघ! पहिला नंबर!"

तानीने माशीकडे बघितलंच नाही. तिने अख्खा ओढा काठाशी येऊन उभा राहिलेला बघितला.

"अगदी खरी..." ठिपकेबाई म्हणत होती. तेवढंच म्हणाली.

"परीक्षक खाल्ले! परीक्षक खाल्ले!" एकच गोंधळ झाला. मासे पसार झाले. तानी ठिपकेबाईला दातात धरून घरी निघाली. तोंड भरलेलं होतं म्हणून रंगोबा वाचला, नाहीतर तिला बरंच बोलायचं होतं.

ती पोटभर जेवली. पिल्लं पोटभर प्यायली. तुर्रेराव उठायला तयार नव्हता. खालून ऊब येत होती म्हणे.

ओढ्यावर सभा भरली. पाहुणीला दात लावल्याबद्दल तानीचा निषेध झाला. मग धवलराव म्हणाला, "मित्रहो, एवढा मोठा मासा या जंगलात कधी काठाशी आला होता? कशामुळे आला? रंगोबांच्या माशीमुळे!" रंगोबाच्या गळ्यात हार पडला. वर्गाला दुप्पट गर्दी झाली. ओढ्यातल्या एकाही माशाने त्यानंतर कधी खोट्या माशीला तोंड लावलं नाही, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण माशी पाण्यात घालतो कोण?

रंगोबा हार घालून घरी आला. "बघ, शेवटी माझ्याच माशीवर घर जेवलं."

"जेवलं की," तानी दात कोरत म्हणाली. "आता ती उलगडा. आणि माझा एकेक केस जागेवर ठेवा."

रंगोबा हारासकट बसला आणि माशी सोडायला लागला. तुर्रेराव पिल्लांवरून मान लांब करून बघत होता.

"ते पीस माझं," तो म्हणाला. "हळू ओढ."

तात्पर्य : मुलांनो, छंद जरूर जोपासा. कलेवर घर चालतं. फक्त ती कला न येणारं एक अडाणी माणूस घरात लागतं.