हार्थबीचा गड आणि विनिफ्रेडबाईंचा समुद्र

कसबे हार्थबी, प्रांत यॉर्कशायर, येथील गड बुधवारी दोन प्रहरी कोणी व कैसा घेतला, आणि पुढे शनिवारी त्याच गडावर काय प्रसंग गुदरला, हे आम्ही डोळा देखिले तितके आणि भरवशाच्या मुखे ऐकिले तितके, पदरचे फार न घालिता लिहितो. एवढ्याशा गडाची एवढी बखर कशास, ऐसे ज्यांस वाटेल त्यांनी एक वेळ त्याच्या पायऱ्या चढोन पाहाव्या, आणि मग दम उरला तर बोलावे.

गड म्हणाल तर लहान. पूर्वी कोण्या सरदाराने बांधिला, मग राजाशी लढणाऱ्या पार्लमेंटच्या फौजेने सुरुंग लावोन निम्मा उडविला, आणि उरला तो हार्थबीकरांनी रात्री-अपरात्री दगड दगड करोन आपापल्या गोठ्यांस व कुंपणांस लाविला. ऐसा गड आपण होऊन गावात उतरोन आलियावर गावाने गडावर जाण्याचे प्रयोजन राहिले नाही. सांप्रत वर एक बुरूज, दीड भिंत, कौन्सिलची कचरापेटी, एक बाकडे आणि बहुत कावळे इतकी शिबंदी आहे. दरवाजास कुलूप असे आणि त्याची एकुलती किल्ली पेठेतील खाटीक लेनर्ड मेटकाफ यांचे दुकानी, सॉसेजच्या माळेशेजारच्या खुंटीवर टांगलेली असे. ज्यास गड पाहणे असेल त्याने लेनर्डकडोन किल्ली मागोन न्यावी व परत आणोन द्यावी, हा शिरस्ता चाळीस वर्षांचा. म्हणोन आम्ही त्यांस किल्लेदार म्हणतो.

आता या मोहिमेच्या सेनानी विनिफ्रेडबाई आउथवेट, वय चौऱ्याहत्तर, यांचा मजकूर. पेठेच्या चौकात परगावच्या माणसांस माहिती देणारी कचेरी आहे, तिच्या खिडकीत बाई एकतीस वर्षे विनावेतन बसत आल्या. पाहुणा खिडकीशी आला की त्यास नकाशा द्यावा, खाटकाचे दुकान दाखवावे, आणि गडाकडे बोट करोन सांगावे की वर जाच, वरून तीन परगणे दिसतात आणि हवा स्वच्छ असली तर समुद्रसुद्धा. हे वाक्य त्यांस आधीच्या बाईंकडोन खिडकीसमवेत मिळाले होते. परंतु विनिफ्रेडबाई मूळच्या कर्तबगार, त्यांनी ते राज्य वाढविले. दहा वर्षांनी समुद्रात दीपगृह उभे राहिले, आणि अलीकडे ज्याची नजर चांगली त्यास गलबतांची शिडेही दिसू लागली होती. कोणाची तक्रार कधी आली नाही, कारण हवा स्वच्छ असण्याची अट होती, आणि यॉर्कशायरात ती अट पुरी होत नाही.

यात गोम इतकीच, की विनिफ्रेडबाई स्वतः गडावर कधी गेल्या नव्हत्या.

शाळेची सहल गेली तेव्हा त्यांस गालगुंड जाहले होते. मग लग्न, मग मुले, मग मुलांची शाळा, मग गुडघे. शिवाय गावच्या माणसाने गड पाहावयास जाणे हे त्या कसब्यात थोडे चमत्कारिकच मानीत; ते काम परगावच्यांचे. आणि गडाची किल्ली मिळण्याचे वेळी बाई खिडकीत. ऐशी एकतीस वर्षे गेली, आणि प्रत्येक वर्षी हे कबूल करणे मागील वर्षापेक्षा अवघड होत गेले. हे एक त्यांचे पती क्लिफर्ड जाणत होते, आणि क्लिफर्ड म्हणजे टपालखात्याचे निवृत्त हरकारे, दुसऱ्याचा मजकूर पोटात ठेवण्यात मुरलेले.

तो सोमवारी सकाळी परगण्याच्या सदरेतून खलिता आला. त्यात लिहिले होते की विनिफ्रेडबाईंच्या एकतीस वर्षांच्या सेवेबद्दल येत्या शनिवारी अकरा वाजता खास गडाच्या माथ्यावर त्यांस मानपत्र द्यावयाचे ठरले आहे, कौन्सिलचे अध्यक्ष पिकर्सगिलसाहेब जातीने हजर राहतील, आणि मग बाईंनी जमल्या मंडळीस चहूं दिशांचा मुलूख आपल्या मुखे दाखवावा. बाईंनी खलिता दोन वेळ वाचिला आणि चहा निवो दिला. मग क्लिफर्डनी रेडिओ लाविला, तर हवामानवाल्याने शनिवारी आकाश निरभ्र राहील, नजर पोहोचेल तेथवर स्वच्छ दिसेल, ऐसे वर्तमान मोठ्या आनंदाने सांगितले. बाईंच्या एकतीस वर्षांच्या अब्रूवर सरळ तोफ येऊन उभी राहिली.

रात्री मसलत बसली. क्लिफर्डचे मत पडले की आजारी पडावे, गालगुंड एकदा कामास आले आहे. बाईंनी ते नामंजूर केले आणि हुकूम काढिला, की शनिवारच्या आत गुपचूप गड चढोन मुलूख पाहोन घ्यावयाचा, म्हणजे त्या दिवशी तोंड लपविणे नको. वार बुधवार धरिला, कारण बुधवारी हार्थबीची पेठ दुपारी एकला बंद होते आणि त्यानंतर चौकात कुत्रेही दिसत नाही. अडचण एकच राहिली. किल्ली मागावयाची तर लेनर्ड विचारणार की कशास, आणि लेनर्ड बाईंचा शाळेतला वर्गसोबती, त्याच्यापुढे थाप टिकावयाची नाही.

बुधवारी साडेबारास क्लिफर्डना किल्लीच्या कामगिरीवर रवाना केले. ते दुकानी गेले, रांगेत उभे राहिले, त्यांची पाळी आली, लेनर्डनी काय देऊ विचारिले, आणि मागे चार बायका कान देऊन उभ्या, तेव्हा क्लिफर्डचे अवसान गळाले आणि ते अर्धा शेर सॉसेज घेऊन परत आले. बाईंनी पिशवीत डोकावोन पाहिले आणि त्यांस पुन्हा धाडिले. या खेपेस त्यांनी पोर्क पाय, म्हणजे डुकराचे मांस भरलेली जाडजूड कचोरी, आणिली. एक वाजावयास सात मिनिटे होती.

"आणखी एकदा पाठवलंस तर ख्रिसमसचं टर्की घेऊन येईन," क्लिफर्ड म्हणाले. "मला नाही जमत, विनी. तूच जा."

मग बाईंनी कोट चढविला, हातमोजे घातले आणि खासा स्वारी आपण निघाली. दुकानात त्या वेळी दुसरे कोणी नव्हते ही देवाची कृपा. बाईंनी कचेरीच्या आवाजात फर्माविले की शनिवारच्या समारंभाआधी जागेची तपासणी करणे आहे, तरी किल्ली द्यावी. लेनर्डनी बाईंकडे पाहिले, घड्याळाकडे पाहिले, मग दाराची पाटी 'बंद' अशी फिरविली, आणि कमरेचा रक्ताळलेला एप्रन सोडू लागले. कुलूप जरा कडक आहे, हात लावावा लागतो, मी येतोच, ऐसे त्यांचे म्हणणे पडले. नको म्हणावे तर कारण द्यावे लागते, आणि त्या मुलुखात कोणी मदत देऊ केली असता नको म्हणणे हे शिव्या देण्याहून वाईट समजतात. ऐसा गनीम फौजेत सामील होऊन बरोबर निघाला, आणि बाई मनात म्हणाल्या की बुडालो.

गडाच्या पायथ्याशी क्लिफर्डना सॉसेज, पोर्क पाय आणि चहाचा थर्मास यांसह पिछाडीस ठेविले, कारण त्यांचे कंबरेचे हाड बदललेले. मग चढाई सुरू जाहली. टेकाडाच्या त्रेसष्ट पायऱ्या. बाई प्रत्येक दहावर थांबत आणि थांबणे दिसू नये म्हणोन पायऱ्यांची पाहणी केल्यासारखे करीत, आणि लेनर्डही मागे थांबोन कुठेतरी दुसरीकडे पाहत. खाजकुयलीसारखी खाजवणारी रानटी झुडपे दोन्ही बाजूंनी मोजे धरीत होती. दरवाजाशी लेनर्डनी कुलपात किल्ली घातली तो ते बोट लावताच उघडले. तेल ताजे होते. बाईंनी हे पाहिले परंतु त्या वेळी त्यांस दम नव्हता. पुढे बुरुजाचा गोल जिना, अंधार, भिंतीस दोर बांधलेला, तो दोर धरोन बाई एकेक पायरी वर ओढल्यासारख्या गेल्या, आणि एकदम उजेडात, वाऱ्यात आल्या. तिसरा प्रहर लागावयाचा होता.

बाईंनी चहूंकडे पाहिले. उत्तरेस डोंगर व मेंढ्या. पश्चिमेस तोच डोंगर. दक्षिणेस चर्च, आणि पूर्वेस, जेथे एकतीस वर्षे समुद्र होता, तेथे गुरांच्या बाजाराचे पत्र्याचे छप्पर आणि मैलापाण्याच्या दोन गोल टाक्या. तीन परगण्यांपैकी एकच होता, तोही पुरता नव्हता. परंतु मग त्यांची नजर खाली गेली, आणि खाली सगळे हार्थबी उघडे पडले होते. गल्ल्या, धुराडी, शाळेचे अंगण. चर्चमागच्या गल्लीत त्यांचे स्वतःचे परसू, निळे दार, वाळत घातलेल्या चादरी. बावन्न वर्षे त्या घरात राहिल्या, ते एवढेसे आहे आणि एवढे नीटनेटके आहे हे त्यांस कधी ठाऊक नव्हते. त्यांस रडू आले, आणि वाऱ्याने आले ऐसे त्यांनी ठरविले.

तो मागोन लेनर्डनी पृच्छा केली. "समुद्र कुठल्या बाजूला म्हणायचा?"

बाईंचा हात उठला. एकतीस वर्षांची सवय, हात आपोआप पूर्वेस गेला आणि मैलापाण्याच्या टाक्यांवर येऊन थांबला. मग तो त्यांनी खाली घेतला.

"लेनर्ड, मी इथे कधी आलेच नव्हते. आज पहिल्यांदा येतेय."

"माहीत आहे मला."

"कुणी सांगितलं? क्लिफर्डनं?"

"सांगायला कशाला हवं कुणी? किल्ली माझ्या खुंटीवर असते. एकतीस वर्षं तू माझ्याकडे माणसं पाठवतेस. त्यांच्यात तू कधी नव्हतीस."

बाई बाकड्यावर बसल्या. एवढी उघड गोष्ट एवढ्या वर्षांत आपल्या डोक्यात कशी आली नाही, याचा त्यांस मोठा अचंबा वाटला.

"मग कधी बोलला का नाहीस?"

"काय बोलायचं? तुझं ऐकून आलेली माणसं निम्मी धावतच वर जायची. किल्ली परत द्यायला यायची ती सांगायची, समुद्र थोडक्यात हुकला हो. खूश असायची. मी कशाला मोडता घालू?" मग लेनर्ड म्हणाले, "शनिवारी हवं तर मी सांगतो की सकाळी दिसत होता. खाटकाला कुणी खोटं पाडत नाही, सुरी असते हातात."

हा तह मोठ्या उदार मनाचा होता. बाईंनी पुन्हा एकवार पूर्वेस पाहिले आणि जिन्याचा दोर धरिला. खाली येऊन तिघांनी पायथ्याशी पोर्क पाय वाटोन खाल्ली. गुरुवार आणि शुक्रवार बाई खिडकीत बसल्या, आणि कोणी गडाचे विचारले असता नुसता नकाशा दिला.

शनिवार उजाडला तो हवामानवाल्याचा शब्द अक्षरशः खरा करीत उजाडला. इतकी स्वच्छ हवा हार्थबीत कोणास आठवत नव्हती. गडाच्या माथ्यावर पन्नास माणूस दाटीने उभे राहिले, आणि आमच्या ध्यानी आले की गावकऱ्यांपैकी बहुतेक पायऱ्यांवर धापा टाकीत एकमेकांस विचारीत होते की अजून किती आहेत. पिकर्सगिलसाहेबांनी भाषण केले. त्यात बाईंच्या सेवेचा, त्याहून अधिक कौन्सिलच्या नव्या कचरापेट्यांचा गौरव जाहला. मग साहेब म्हणाले की आज दैवयोगाने हवा ऐशी आहे, तरी आता विनिफ्रेडबाई आम्हास समुद्र दाखवितील. पन्नास माना पूर्वेस वळल्या. लेनर्डनी घसा खाकरोन पुढे पाऊल टाकिले. बाईंनी त्यांच्या बाहीस हात लाविला आणि आपण पुढे जाहल्या.

"समुद्र इथून दिसत नाही," बाई म्हणाल्या. "कधीच दिसत नव्हता. मी या बुधवारपर्यंत इथे वर आलेच नव्हते, आणि एकतीस वर्षं मी लोकांना खोटं सांगितलं. ते मानपत्र परत घेतलंत तरी चालेल."

बाईंस वाटले की आता जिना उतरावा, परंतु जिन्यात माणसे उभी होती, जावयास वाट नव्हती. मग त्या खाली पाहोन हळूच म्हणाल्या, "ते निळं दार आमचं. आणि डोरा, त्याच्या पलीकडे तुझं घर. वरून बघ, किती छान दिसतं."

डोरा म्हणजे त्यांची शेजारीण. ती कठड्याशी आली, वाकोन पाहू लागली, आणि मग म्हणाली, "अगं बाई, माझं धुराडं वाकडं आहे की." तेव्हा दुसरा कोणी आला, आपले कोणते ते पाहावयास, आणि मग तिसरा, आणि मग एकच गर्दी उसळली. ज्याने त्याने आपले छप्पर हुडकावे, सापडले की बायकोस बोलवावे, शेजाऱ्याने कुंपण दोन हात पुढे सारले आहे ते बोटाने दाखवावे. गावात जन्मोन गाव न पाहिलेली ती माणसे कठड्यास चिकटोन राहिली. समुद्राचे नाव कोणी काढिले नाही, मानपत्राचेही नाही. ते पिकर्सगिलसाहेबांच्या हाती तसेच होते, कारण साहेबांस आपला बंगला सापडत नव्हता. बाईंनी त्यांस तो दाखविला, आणि त्यांच्या बोटांतून मानपत्र आपले आपण सोडवोन घेतले.

येणेप्रमाणे हार्थबीचा गड माहे मेच्या दुसऱ्या सप्ताहात विनिफ्रेडबाई आउथवेट यांनी बुधवारी घेतला आणि शनिवारी गावास दिला. कामी आले कोणी नाही. जखमी दोन गुडघे. सोमवारी सकाळी परगावचे एक जोडपे खिडकीशी आले आणि वर पाहण्याजोगे काही आहे काय, ऐसे पुसते जाहले. बाईंनी त्यांस नकाशा दिला नाही. कोट घेतला, हातमोजे घातले, आणि त्यांच्यासमवेत निघताना खिडकीस एक पाटी लाविली, ती अद्याप आठवड्यातून चार वेळ लागते: 'वर आहे. वाट पाहू नका, तुम्हीही या.'