पाच पानं मिळालेली खोली

बायको गेल्याचं मला जंगलाच्या कडेला कळलं. आत फोन लागत नाही. आत आमच्या नव्या खोलीची आखणी करून, खुंट्यांना दोरी बांधून मी डांबरी रस्त्यापर्यंत चालत आलो आणि खिशातला फोन वाजला. मेहुण्याचा होता. म्हणाला, "भावोजी, ताईचं काही खरं नाही राहिलं. संपलं." मी म्हणालो, "बरं. दोरी बांधून झाली म्हणून सांग तिला." मग मला कळलं, मी काय बोललो ते.

सकाळी तिनेच मला दवाखान्यातून हाकललं होतं. "इथे बसून सलाईनकडे बघण्यापेक्षा आखणी करून या. साहेब खुंट्या बघितल्याशिवाय परवानगी देत नाहीत." ती शिवणकाम करायची. खोलीचा नकाशा तिनेच कटिंगच्या खाकी कागदावर काढला होता, शिवणीला सोडतात तशी चारी बाजूंनी माया सोडून. एक खोली, दोन माणसं. पडलेल्या झाडांच्या लाकडाच्या भिंती, छपरावर सौर पॅनेल, पावसाच्या पाण्याची टाकी. "जन्मभर मशीनच्या खडखडाटात बसले," ती म्हणायची, "आता पानांचा आवाज ऐकत झोपायचंय. तुम्ही घोरला नाहीत तर."

तिचं राहून गेलं. निदान आपण तरी तिथे झोपावं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

पाहुणे पांगल्यावर मी खोलीची परवानगी देणाऱ्या शाश्वत निवास विभागात गेलो. साहेबांच्या खोलीत एसी इतका गार होता की साहेब स्वेटर घालून बसले होते. मागे 'ऊर्जा वाचवा' ही पाटी भर दुपारी दिव्यांनी चमकत होती.

"पत्नी वारल्या? अरेरे. वाईट झालं," साहेब म्हणाले. "खोलीच्या दृष्टीने तर फारच वाईट झालं."

"खोलीच्या?"

"अहो, खोलीचा निसर्गावर भार पडतो. तो आपण राहणाऱ्यांत वाटतो. दोघांत वाटला तेव्हा खोली शाश्वत होती. आता सगळा भार तुमच्या एकट्यावर. दरडोई भार दुप्पट. खोली शाश्वत राहिली नाही."

"साहेब, खोली तीच आहे."

"खोली तीच आहे हो. माणूस कमी पडला." त्यांनी पेन खाली ठेवलं. "दोन मार्ग आहेत. खोली अर्धी करा, नाहीतर माणसं पूर्ण करा."

"म्हणजे?"

"लग्न करा. घाई नाही. महिनाअखेरपर्यंत चालेल."

मी खोली अर्धी करायचं ठरवलं. मेहुणा सोबत आला. खुंट्या आत सरकवल्या आणि खाटेचा अंदाज यावा म्हणून तो दोऱ्यांच्या मधे जमिनीवर आडवा झाला.

"भावोजी, पाय आत घेतले तर डोकं जंगलात जातंय."

"मग कुशीवर हो."

"कुशीवर झालो तर दार उघडणार नाही. ताईने बघितलं असतं तर दोघांनाही उसवून परत शिवलं असतं."

ती गेल्यापासून आम्ही पहिल्यांदा हसलो. पण विभागाने कळवलं की एवढ्या मापाच्या जागेला कपाट म्हणतात आणि कपाटात राहायला परवानगी मिळत नाही.

मग विभागाने सल्लागार बाई पाठवल्या. त्या एकट्याच आल्या, पण गाडी अख्ख्या वऱ्हाडाला पुरेल एवढी होती. गाडीचं इंजिन चालूच ठेवून, आपल्या बांबूच्या कपातून कॉफी पीत त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"काका, पण अर्जातून काकूंचं नाव काढायचंच कशाला?"

"ती वारली, बाई."

"तेच तर! पाणी वापरत नाहीत, दिवा लावत नाहीत, कचरा करत नाहीत. अशी रहिवासी मला आजवर मिळाली नाही हो. दोघांची सरासरी काढली की पाचपैकी चार पानं आरामात." विभाग चांगल्या घरांना पानं देतो, हॉटेलांना तारे असतात तशी.

मला संताप आला. पण घरी आल्यावर वाटलं, बँक म्हणते तिचं नाव काढा, गॅसवाला म्हणतो काढा, विम्यावाला म्हणतो काढा. ठेवा म्हणणारी ही एकच कचेरी. मी सही केली. विभागाचा शेराही आला: 'सदर रहिवासी हयात नसल्याने त्यांचे वर्तन अत्यंत समाधानकारक आहे.' सव्वीस वर्षांच्या संसारात मी तिला एवढं चांगलं कधी म्हणालो नव्हतो.

खोली उभी राहिली. अगदी तिच्या नकाशाप्रमाणे. पंप दुरुस्ती हा माझा धंदा, त्यामुळे टाकीवरचा पंप मी स्वतः बसवला. काम संपलं त्या संध्याकाळी वळकटी घेऊन पोचलो, तर दारात साहेब आणि सल्लागार बाई उभे.

"अभिनंदन! पाचवं पान मिळतंय," साहेब म्हणाले. "एक पान कुठे अडलंय ते सापडलं."

"कुठे?"

"तुमच्यापाशी. पत्नींचा भार शून्य आहे. पाणी, वीज, सांडपाणी, जो काही बिघाड आहे तो तुमच्या बाजूने आहे. तुम्ही राहिला नाहीत की खोली निर्दोष."

"मग मी राहू कुठे?"

"शहरात राहा ना काका," बाई समजुतीने म्हणाल्या. "तिथे कोण मोजतंय?"

वळकटी घेऊन मी परत आलो.

पाच पानांची दुसरी खोली कुठेच नसल्याने ती आदर्श ठरली. आदर्श म्हटल्यावर लोकांनी बघायला हवी. बघायला यायचं तर रस्ता रुंद हवा, म्हणून दोन्ही अंगांची झाडं गेली. मग गाड्या लावायला जागा हवी, म्हणून मागची गेली. पानांचा आवाज येईना अशी तक्रार झाली, तेव्हा खांबावर कर्णा बसवून त्यातून सळसळ सोडली. ती चालावी म्हणून जनरेटर आला. दारावर पाटी आहे. 'आदर्श रहिवासी', आणि खाली माझ्या बायकोचं नाव.

तुम्हीही येऊन गेला असाल. रविवारी गर्दी फार असते, चेहरे लक्षात राहत नाहीत. तुम्ही दोरीपलीकडून आत वाकता, "माणसाला लागतं तरी किती!" म्हणता, फोटो काढता आणि जेवायच्या वेळेला आपापल्या मोठ्या घरी पोचता. परवा तुमच्यातल्याच एकाने मला हटकलं. "काका, सारखे सारखे येऊ नका. आपल्या येण्या-जाण्यानेच जंगलं संपतात." मी मान हलवली. त्यांनी गाडी सुरू केली.

खोली तयार आहे. तिथे अजून कोणीही झोपलेलं नाही.