ठमीला रक्त कमी पडलं

पिसवांचा नायनाट ही माझ्या मते पाच मिनिटांची गोष्ट होती. पावणे गावाजवळच्या केमिकल कंपनीत नऊ वर्षं काढलेल्या माणसाला पिसवेची काय मातब्बरी! बायकोला, वैजयंतीला, मी तसं सांगूनही टाकलं होतं.

चौऱ्याऐंशी साल. आम्ही वाशीच्या नव्या फ्लॅटमध्ये नुकतेच आलो होतो. आमची मांजर ठमी आठवडाभर चटईवर नुसती पडून होती. दुधाला तोंड लावेना. केस जरा बाजूला सारले की पिसवांची पळापळ दिसायची. मी ढेकणांची पावडर घेऊन बसलो, तेवढ्यात जुन्या वाशी गावातली सुंदराबाई कोळीण मासळी घेऊन दारात आली. तिने माझा हातच धरला.

"पावडर नको लावूस. मांजर अंग चाटतं, मरंल ती. तोंड बघ तिचं, पांढरंफटक हाय."

खरंच, हिरड्या खडूसारख्या होत्या. मी डबा बाजूला ठेवला.

वैजयंतीने भाजीच्या टोपलीत ठमीला ठेवून वर पंचा बांधला. मी खालच्या दुकानातून ऑफिसात नव्यानेच लागलेल्या दिलीपला फोन केला, की ठमीच्या अंगात रक्तच उरलं नाही, डॉक्टरकडे नेतोय, आज येत नाही. फोनमध्ये खरखर होती. त्याने काहीतरी विचारलं, मी हो म्हणालो.

ठाण्याच्या जनावरांच्या डॉक्टरांनी आधी मला झापलं. पिसवांनी पिऊन पिऊन तिचं रक्त संपवलं होतं. त्यांनी इंजेक्शन दिलं, टॉनिक लिहून दिलं. रोज बारीक फणीने पिसवा काढायच्या, उकडलेलं काळीज भरवायचं, घरातलं अंथरूण-पांघरूण गरम पाण्यात धुवायचं.

"वाचेल ना?" वैजयंतीने विचारलं.

"चार दिवस काढले तर वाचेल."

येताना बसमध्ये टोपली तिच्या मांडीवर होती. पंच्यावरचा हात तिने वाशी येईपर्यंत काढला नाही. 

घरी पोचलो तर जिन्यात सात माणसं. दिलीपने फोनवर विचारलं होतं, "रक्त लागेल का?" ठमी म्हणजे आमची मुलगी असणार, हे त्याने स्वतःच ठरवलं. मॅनेजर दिनानाथसाहेबांनी कंपनीची गाडी देऊन रक्त द्यायला माणसं पाठवली.

"पोरगी कुठाय?" दिलीपने घाबरत विचारलं.

मी पंचा उचलला. सातही माना टोपलीवर वाकल्या. शेवटी स्टोअरमधला जयप्रकाश हातातल्या पिशवीकडे बघत म्हणाला, "मांजर मोसंबी खाते काय?"

एवढी माणसं धावून आलेली, त्यांना तसंच कसं पाठवणार? वैजयंतीने चहा टाकला. सगळे ठमीच्या चटईवर बसले. दिलीपने तिचे पाय धरले, जयप्रकाशने फणी चालवली. साबणाच्या पाण्यात एकसष्ट पिसवा बुडाल्या.

चार दिवस आम्ही चमच्याने पाणी पाजत काढले. पाचव्या दिवशी ठमीने काळजाची वाटी चाटून लख्ख केली. तिसऱ्या आठवड्यात हिरड्या गुलाबी झाल्या.

मधल्या काळात ऑफिसात दिलीप पोटऱ्या खाजवू लागला. मग जयप्रकाश, मग सगळं स्टोअर. शुक्रवारच्या मीटिंगमध्ये खुद्द दिनानाथसाहेबांनी बोलता बोलता पाय खुर्चीवर घेतला आणि घोट्याकडे बघत मला विचारलं, "अरे, हे आलं कुठून?"

"साहेब," मी म्हणालो, "वारं खाडीकडचं आहे ना, डास येणारच."