कातळेवाडीतली वाढ

कातळेवाडीत ज्याला ‘वाढलं’ म्हणावं ते नाहीसं होतं. मात्र दिवसातून एकदाच. पहिल्यांदा ज्याच्याबद्दल तो शब्द निघाला ते जातं, आणि मग दुसरा दिवस उजाडेपर्यंत कुणीही तो कितीही वापरावा.

इतर गावांतही दिवा विझला, बांगडी फुटली की ‘वाढला’, ‘वाढली’ म्हणतात. अशुभ तोंडातून जाऊ नये म्हणून. इथे शब्दाने ते मनावर घेतलं, इतकंच.

मी आहारतज्ज्ञ. दर गुरुवारी साताऱ्याहून तिथल्या अंगणवाडीत बिनपगारी जाते. हौस माझीच, तक्रार कुणाकडे करणार? माझं सगळं काम मुलांच्या वाढीचं. अंगणवाडीच्या शेवंताताईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “बाई, पोर भरलं म्हणा, पोरानं अंग धरलं म्हणा. त्यो शब्द नको. मागं एक डाक्टर कौतुकानं बोलून गेलं, आन् पाळणा रिकामाच झुलत ऱ्हायला.”

म्हणून वजनं घेण्याआधी ताई उंबऱ्यावर नारळ ठेवून “नारळ वाढला” म्हणायच्या. नारळ जायचा, दिवस मोकळा व्हायचा. खोबरं कुणाच्याच पोटात जात नाही, याचं मला आहारतज्ज्ञ म्हणून वाईट वाटे. तरी भीती सुटली नाही. 

त्या गुरुवारी ताई नारळ आणायला दुकानात गेल्या आणि पर्यवेक्षिका जगदाळे मॅडम न कळवता येऊन टेकल्या. बदलून आलेल्या, त्यांना गाव नवीन. त्यांनी समोर दिसली ती, खिचडी रांधणाऱ्या हौसाची पारू उचलून काट्यावर उभी केली. ही पारू आली तेव्हा नुसती काडी होती. शेंगदाण्याचे लाडू, अंडी, आईचा पिच्छा पुरवणं, असं करत करत आत्ता कुठे तिने अंग धरलं होतं.

काटा पाहून मॅडमचा चेहरा खुलला. मला पुढचं कळलं. टेबल वाढलं, खुर्ची वाढली, काहीही म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण मी नाव निवडत राहिले. भलतंच नाव निघालं तर, या धास्तीने मी गोठून उभी राहिले.

“अगं बाई, ही तर चांगलीच वा—”

“मॅडम, आदी जेवून घ्या,” चुलीपाशी खिचडी ढवळणारी हौसा म्हणाली. “मी वाढते.”

पळी पातेल्यात पडली. चुलीपाशी कुणी नव्हतं.

“चांगलीच वाढलीय,” मॅडमनी वाक्य पुरं केलं. पारू काट्यावर होती तशीच उभी होती. मॅडमनी मान वळवून विचारलं, “स्वयंपाकाची बाई कुठं गेली?”

“इथलीच आहे,” मी म्हणाले. याहून खरं मला सुचलं नाही.

ताई आल्या. त्यांनी पळीकडे पाहिलं आणि हातातला नारळ फडताळात ठेवून दिला. हौसाला ‘खिचडी वाढते’ म्हणायचं असेल, घाईत ‘मी’ निघालं, असं त्या अजून म्हणतात. रोज पंगतीला पळी धरणाऱ्या बाईच्या तोंडात दुसरं काय येणार? मला ते पटत नाही. बोलण्याआधी हौसाने पारूकडे पाहिलं होतं.

मॅडम दोनदा खिचडी घेऊन, चवीचं कौतुक करून गेल्या.

“आई कुटं हाय?” पारूने विचारलं.

“वाढली गं, बाय माजी,” ताई म्हणाल्या. त्या दिवशी आता म्हणायला हरकत नव्हती.

पारूने थोडा विचार केला. मग ताटली माझ्यापुढे धरली. “मग आता तुमी वाढा.”

 मी पळी उचलली आणि तिला पोटभर वाढलं.