डाव्या कानाची अकरा वर्षं

भाच्याच्या कानाचा अर्ज विमा कंपनीकडून परत आला, तेव्हा आकडेबाईंना वाटलं, दुसऱ्याच कुणाचा कागद चुकून आपल्या टेबलावर पडला. कान-नाक-घशाच्या त्या दवाखान्यात त्या अकरा वर्षं एकच काम करत होत्या. डॉक्टरांनी रोग लिहायचा, बाईंनी त्या रोगाचा ठरलेला आकडा शोधून कंपनीला कळवायचा. मधल्या कानात पू झाला की एक लांबलचक आकडा, आणि त्याच्या शेपटीला उजव्या कानासाठी एक, डाव्यासाठी दोन. आजवर त्यांचा एकही कागद परत आला नव्हता, आणि हे त्या न विचारता कुणालाही सांगत.

आणि आता सख्ख्या बहिणीच्या पोराचा अर्ज परत यावा? सहा वर्षांचं पोर. सहा महिन्यांत तीनदा कान फुटला, ऐकू येईनासं झालं, आणि शाळेतल्या बाई त्याला मठ्ठ ठरवून मोकळ्या झाल्या. गुरुवारी कानात नळी बसवायची होती. कंपनीचा नियम एवढाच, की तिन्ही वेळा तोच कान हवा. पत्रात लिहिलं होतं, 'आपल्या कागदांनुसार एक कान दोनदा व दुसरा एकदा.'

"ताई, तिन्ही वेळा उजवाच होता," बहीण फोनवर म्हणाली. "मी आई आहे त्याची, मला कळत नाही का? आणि तू तिथं बसून करतेस काय?"

बाईंनी फाइल काढली. पहिल्या दोन वेळा थोरल्या डॉक्टरांनी तपासलं होतं. त्यांना लिहायचा भारी कंटाळा. ते मधे नाक काढायचे, दोन्हीकडे दोन गोल काढायचे आणि दुखऱ्या कानावर फुली मारायचे. तिसऱ्या वेळी तपासलं त्यांच्या मुलीने. या डॉक्टरीणबाई गेल्याच महिन्यात रुजू झाल्या होत्या, आणि त्यांनी ठळक अक्षरांत 'उजवा' लिहिलं होतं. दोन फुल्या मात्र कागदाच्या डाव्या बाजूला होत्या. बाई थोरल्या डॉक्टरांकडे गेल्या.

"डॉक्टर, ही फुली कुठल्या कानावर?"

"उजव्या."

"पण ती डावीकडे आहे."

"अहो, पेशंट माझ्यासमोर तोंड करून बसतो ना. त्याचा उजवा कान माझ्या डाव्या हाताला येतो. तुम्ही काय समजत होतात?"

बाई काय समजत होत्या, ते सांगण्यासारखं नव्हतं. "काही नाही, सहज विचारलं," असं म्हणून त्या सामानाच्या खोलीत गेल्या आणि कापसाच्या खोक्यावर बसल्या. अकरा वर्षं! हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात. इथे आरसाच होता आणि बाईंना तो दिसला नव्हता. अख्ख्या गावाचे कान त्यांनी इकडचे तिकडे करून ठेवले होते. ज्यांचे दोन्ही कान फुटले, तेवढ्यांचेच कागद बरोबर गेले असणार. हे बाहेर आलं की नोकरी गेलीच. त्यांना रडू आलं. कापूस हाताशीच होता.

पण पोराचा कान नोकरीपेक्षा मोठा. डोळे पुसून त्यांनी पहिले दोन कागद दुरुस्त केले आणि तिन्ही वेळा 'उजवा' असं कळवून टाकलं. मग दोन दिवस त्या फोन वाजला की दचकत होत्या.

बुधवारी सकाळी उत्तर आलं. 'डाव्या कानाची शस्त्रक्रिया मंजूर.'

बाईंनी लगेच कंपनीला फोन लावला. पलीकडची बाई अगदी शांत होती.

"मी तिन्ही वेळा उजवा लिहिलंय हो."

"हो ना. म्हणून तर डावा मंजूर केला."

"म्हणजे?"

"तुमच्या दवाखान्याचं उजवं म्हणजे डावं असतं. ऑपरेशनचे कागद डॉक्टर स्वतः शब्दांत लिहितात, ते तुमच्या आकड्यांशी कधी जुळायचेच नाहीत. दहा वर्षांपूर्वी आमच्या साहेबांनी कॉम्प्युटरमध्येच घालून ठेवलं, तुमच्याकडून आलं की उलटं करून घ्यायचं."

"दहा वर्षं? मला कुणी सांगितलं का नाही?"

"तुमचं अक्षर इतकं नेटकं. साहेब म्हणाले, उगाच वाईट वाटेल त्यांना."

इतकी वर्षं या कानाचं त्या कानावर जात होतं आणि या कानाचं त्या कानाला कळलं नव्हतं.

"मग आता ते नीट करून घ्या," बाई कशाबशा म्हणाल्या.

"त्याला समिती बसते. चार महिने धरा. त्यापेक्षा तुम्ही आपलं नेहमीसारखं चुकीचं पाठवा ना. तासाभरात होईल."

आकडेबाईंनी तीन कोरे कागद घेतले. जाणूनबुजून खोटं असं त्यांनी आयुष्यात लिहिलं नव्हतं. त्यांनी दार लावून घेतलं आणि तिन्ही आकड्यांच्या शेपटीला डाव्याचे दोन लिहिले. तासाभरात उजवा कान मंजूर झाला. समिती बसेपर्यंत आता हेच करायचं होतं. आजवर आपोआप होणारी चूक यापुढे लक्ष देऊन, रोज, न चुकता करायची होती.

गुरुवारी पोर टेबलावर आडवं झालं. डॉक्टरीणबाई हातात निळं पेन घेऊन आल्या.

"उजवाच ना हो, मावशी?"

आकडेबाईंनी दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"त्यालाच विचारा," त्या म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी वाकून हळूच विचारलं, "बाळा, कुठला कान रे?"

पोर छताकडे बघत राहिलं. त्याला काही ऐकूच गेलं नाही. ज्या बाजूने विचारलं होतं, त्याच कानामागे डॉक्टरीणबाईंनी निळी खूण केली.

आकडेबाईंनी मनातल्या मनात आपला जेवायचा हात कुठला ते आठवून ताळा घेतला, आणि तरीही बाहेर जाऊन बहिणीला एकदा विचारून आल्या.